मुसाचं जहाज, धाकूचा रंग

रत्नागिरीच्या राजिवड्यात मुसा होडेकराच्या घरी पाहुणा पहिल्यांदा आला की बसायचं विसरून उभाच राहतो. ज्या काचेच्या कपाटात आजूबाजूच्या घरांतून दुबईचा नाहीतर कुवेतचा डिनर सेट मांडलेला असतो, त्या कपाटात मुसाने जहाजं मांडली आहेत. मालवाहू, तेलवाहू, प्रवासी, एक लढाऊसुद्धा. सगळी प्लास्टिकची, हातभर लांब, आणि इतकी हुबेहूब की डोळा काचेला लावला तर शिडीच्या पायऱ्याही दिसाव्यात. डिनर सेट नसीमाकडेही आहे. तो पलंगाखाली खोक्यात आहे, आणि तिथे का आहे ते ती प्रत्येक पाहुण्याला सांगते. सांगताना नवऱ्याकडे बघत नाही, कारण नवरा त्या वेळी हसत असतो हे तिला न बघता ठाऊक आहे.

मुसाची सगळी नोकरी जहाजाच्या पोटात गेली. इंजिनरूममधला फिटर. ज्या जहाजावर महिनोन् महिने राहायचं ते बाहेरून कसं दिसतं हे त्याला बंदरात उतरल्यावरच कळायचं, तेही मान मोडेपर्यंत वर बघून, तुकड्यातुकड्याने. अख्खं जहाज एका नजरेत त्याने पहिल्यांदा पाहिलं ते जपानमधल्या एका बंदरातल्या दुकानात, खोक्यावरच्या चित्रात. आत सुटे भाग होते, जोडायचा कागद होता. मुसाने तो खोका घेतला. मग प्रत्येक सफरीला एक, अशी सवयच लागली. घरी येताना नसीमाला अत्तर, मुलींना चॉकलेटं आणि बॅगेच्या तळाशी एक चपटा खोका. जहाजावर ते जोडायची सोय नव्हती. पायाखाली इंजिन थरथरत असताना तांदळाएवढा नांगर कोण चिकटवणार? “रिटायर झाल्यावर बगू,” म्हणत म्हणत खोके माळ्यावर चढत गेले. नसीमाला वाटलं होतं, ते काही आता खाली उतरत नाहीत. माणसांचं काय काय रिटायर झाल्यावर करायचं म्हणून राहून जातं! पण मुसा कायमचा घरी आला, आठवडाभर मनसोक्त झोपला, आणि शिडी लावून माळ्यावर चढला.

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांना वाटतं, मजा शेवटी असते. जहाज पुरं झालं, कपाटात ठेवलं, वा वा झाली की. मुसाला विचाराल तर शेवट हा त्यातला सगळ्यांत रडका भाग. तयार जहाज बघायला चांगलं, पण त्याला तुमची गरज उरलेली नसते. नसीमाला खोका उघडण्याचा दिवस तेवढा आवडतो, कारण त्या एकाच दिवशी टेबल स्वच्छ असतं. सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटीला देठाने लटकलेले असतात. मुसा त्या चौकटी साबणाच्या पाण्यात धुतो, गच्चीवर सावलीत वाळवतो. एकदा फणसाच्या पापडांशेजारी उन्हात ठेवल्या तर अख्खा डेक पन्हळीसारखा वाकला होता. त्या दिवशी नवरा-बायको दोघांनीही एकमेकांना पापड वाढले नाहीत. मग एकेक भाग कापायचा, देठाची गाठ पॉलिशपेपरने घासायची, गोंद न लावता नुसता जुळवून बघायचा. हे सगळं मुसाला आवडतंच. पण त्याचा जीव आहे तो जहाजाची दोन अंगं एकमेकांना चिकटवण्याच्या दिवसात.

डावं अंग आणि उजवं अंग समोरासमोर आणायचं, फटीला पातळ गोंद नुसता टेकवायचा. गोंद आपला आपण फटीतून धावत जातो. आणि मग ते हातात धरून बसायचं. बसायचं म्हणजे खरोखर बसायचं. फोन नाही, चहा नाही, नाक खाजवणंसुद्धा नाही. धरायचं, पण दाबायचं नाही. सैल धरलं तर फट पडते आणि दाबलं तर गोंद बाहेर येऊन अंग खराब करतो. मुसा असा खिडकीत बसतो तेव्हा भाट्याच्या खाडीवरून वारा येत असतो, आणि नसीमा म्हणते, आमच्या मुलीसुद्धा यांनी कधी इतका वेळ मांडीवर घेतल्या नाहीत. यात टोमणा अर्धाच आहे. मुली मांडीवर बसायच्या वयाच्या होत्या तेव्हा मुसा समुद्रावर होता, आणि ते दोघांनाही ठाऊक आहे.

एवढा हाताला पक्का माणूस, पण रंगात अगदीच कच्चा. रंगाला हात लावला की लाडू वळल्यासारखा लपका. म्हणून पहिली काही वर्षं मुसाची जहाजं बिनरंगाचीच कपाटात उभी होती.

धाकू मयेकर या घरी आला तो फाटकावर नाव लिहायला. घुडेवठारात राहणारा हा पेंटर मुसाबरोबर सातवीपर्यंत एका बाकावर होता. मग मुसाने समुद्र धरला आणि धाकूने ब्रश. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांना रंग आणि नाव घालण्यात त्याचा जन्म गेला. बोटभर ब्रशने वळणदार अक्षर असं काढायचा की लोक जाळं खांद्यावर घेऊन बघत उभे राहायचे. फाटकाचं काम करून तो चहाला आत आला, कपाटासमोर थांबला, आणि म्हणाला,

“मुसा, ही सगळी नागडी कशाला उभी केलीस रे?”

तेव्हापासून चार वर्षं त्यांचा रिवाज ठरून गेला. पावसाळ्यात मुसाने जोडायचं आणि दिवाळी सरली की धाकूने ब्रश घेऊन यायचं. पावसात धाकू रंगाचा डबा उघडत नसे. आगोट लागली, पाऊस तोंडावर आला की त्याचे ब्रश रॉकेलने धुऊन, कागदात गुंडाळून पेटीत जायचे. दमट हवेत दिलेला रंग वाळत नाही, वाळला तर दुधासारखा पांढरट पडतो. एकदा एका बोटमालकाने जुलैत दुप्पट मजुरी देऊ केली तरी हा हलला नव्हता. “पावसात रंग देणारा पेंटर नव्हे, भामटा,” हे त्याचं वाक्य बंदरात सगळ्यांना पाठ होतं.

धाकूचा आवडता दिवस रंगाच्या पहिल्या हाताचा. फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासलेलं, चट्ट्यापट्ट्यांचं जहाज पहिल्या हाताखाली जातं आणि जोडलेले सगळे तुकडे एकाएकी एक होतात. “आता हां जहाज झालां,” असं तो दर वेळी तेवढ्याच आनंदाने म्हणायचा. आणि सगळ्यात शेवटी नाव. खोक्यात नावाची छापील चित्रं असत, पाण्यात भिजवून चिकटवायची. धाकू ती कचऱ्यात टाकायचा. नाव हातानेच. त्याचे दोन नियम होते. नाव घालायच्या आधी ते तोंडाने बोलायचं नाही, आणि नाव घातल्यावर त्या जहाजाला पुन्हा ब्रश लावायचा नाही. नाव पडलं की काम संपलं. मग नसीमाने ओल्या नारळाची बर्फी आणायची, आणि दोघांनी खिडकीत बसून ती मुकाट्याने खायची.

यमुना, धाकूची बायको, दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून धाकू रंगाच्या दिवसांतच नाही, एरवीही येऊ लागला. कारण लागत नसे. मुसा गोंद लावत असेल तर धाकू समोर बसून चौकटी धुऊन द्यायचा. जेवायच्या वेळी “मी निघतो,” म्हणायचा, नसीमा “बसा वो धाकूभाऊ,” म्हणायची, आणि तो बसायचा. तो निघाला नाही याचं मुसाला इतकं बरं वाटायचं की तो मुद्दाम त्याच्याकडे बघायचा नाही.

या वर्षी माळ्यावरचा शेवटचा खोका खाली आला. सगळ्यांत मोठा, हॅम्बुर्गच्या बंदरात घेतलेली जुन्या काळची आगबोट. दोघांनी ठरवलं, हिला आपण लहानपणी पाहिलेल्या बोटीसारखी करायची. किनाऱ्यापासून लांब उभी राहायची, माणसं पडावातून जायची यायची, ती. करड्या अंगाची, काळ्या धुराड्याची. अंग करडंच होतं यावर दोघांचं एकमत झालं, आणि साठी उलटलेल्या दोन माणसांचं लहानपणीच्या रंगावर एकमत होणं ही काही साधी गोष्ट नव्हे.

दिवाळीनंतर धाकू पेटी घेऊन आला. पेटी ठेवली, पाणी प्यायला, आणि म्हणाला,

“मुसा, दीपक पाठीस लागलाय. डोंबिवलीस या म्हणतो, कायमचे. हां जहाज झालां की जातो.”

दीपक म्हणजे त्याचा मुलगा. सून तेजस्वी, नात सानिका, तिथे दोन खोल्यांचं घर. चांगली माणसं. मुसाने “बरां होईल,” असं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, आणि सकाळी उठून त्याने जहाजाच्या कण्यावरची लांबी, जी चांगली गुळगुळीत घासून झाली होती, ती बोट फिरवून बघितली आणि धाकू आल्यावर सांगितलं, “अजून खडबडीत लागतेय. पुन्हा भरायला हवी.”

मुसा आयुष्यात खोटं कमीच बोलला असेल. म्हणूनच त्याला ते नीट जमत नव्हतं. कधी लांबी सुकली नाही म्हणायचा, तर कधी डेकाची मधली पट्टी उलटी बसली म्हणून काढायची. काढताना ती मोडायची, मग नवी पत्र्याची करायची. धाकू “होय होय, घाई नाय,” म्हणत बसून राहायचा. त्याला संशय आलाय की नाही हे काही कळत नव्हतं. डिसेंबरात एकदा जहाजाच्या बाजूला लटकवायच्या लहान होड्यांतली एक सापडेनाशी झाली. दोघे टेबलाखाली वाकून, विजेरी घेऊन शोधत बसले. धाकू तर फरशीला नाक लावून शोधत होता. “मना दिसत नाय रे, तूच बग,” असं तो म्हणाला, तेव्हा मुसाने टेबलाखाली बसल्या बसल्या मान खाली घातली.

ती होडी नसीमाला मिळाली. कपडे भिजवताना, नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात. ओल्या हाताने ती तशीच खिडकीत आली आणि होडी त्याच्यासमोर ठेवली.

“ही पोहत गेली काय खिशात?”

मुसाने टेबलावरचा पॉलिशपेपर उगाच सरळ केला.

“धरून ठेवताव त्यांना,” ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं. “तुमी दर वेळी निघायचाव तेव्हा मी तुमची बॅग लपवली होती काय?”

“माज्याबरोबर बसायला दुसरा हाय कोण, नसीमा?”

“मी हाय ना.”

“तू हायस गो,” मुसा म्हणाला. बायको असते तरी शाळेच्या बाकावरचा माणूस लागतो, हे बायकोला कसं समजवायचं? नसीमाला समजवायची गरज नव्हती. तिने होडी त्याच्या तळहातावर ठेवली आणि कपडे पिळायला गेली.

होडी ‘सापडली’. पहिला हात देण्याचा दिवस आला. धाकूने बशीत पांढरा घेतला, काळा घेतला, थेंबभर निळा घातला. ब्रश फिरवून उजेडात धरलं, नाक मुरडलं आणि आणखी निळा घातला. पुन्हा बघितलं. “पिवळट मारतोय,” म्हणत पुन्हा निळा. मुसाला काही पिवळट दिसत नव्हतं. त्याला वाटलं, वाळल्यावर उतरेल. रंगातलं आपल्याला काय कळतं? धाकूने अंग रंगवलं, हात पुसले आणि लांबून बघून म्हणाला,

“आता हां जहाज झालां. तोच करडा ना रे? तसाच?”

मुसाने बघितलं. जहाज निळं होतं. आकाशी नव्हे, शाईसारखंही नव्हे, पण बघणाऱ्या कोणालाही निळंच म्हणावं लागेल असं. धाकूच्या चेहऱ्यावर शाळेतल्या पोराचा आनंद होता.

“तसाच,” मुसा म्हणाला.

नसीमा चहा घेऊन आली, जहाजाकडे बघून तिने तोंड उघडलं. मुसाने तिच्याकडे असं काही बघितलं की तिने तोंड मिटलं आणि चहात साखर पुरे का एवढंच विचारलं.

दोन दिवसांनी दीपकचा फोन आला. धाकू तेव्हा तिथे नव्हता.

“मुसाचाचा, एक विचारू? जहाज किती राहिलंय अजून?”

“का रे?”

“बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन्ही. इकडच्या डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, दोनदा बाबांनीच पुढे ढकलली. मुसाचं जहाज अर्धवट टाकून येऊ कसा म्हणतात. तुम्हाला बोलले नाहीत का? डॉक्टर म्हणतात, यात माणसाला सगळं पिवळट दिसतं, आणि फार पिकू दिला तर काम अवघड होईल. ऑपरेशन रत्नागिरीतही झालं असतं, चाचा. पण नंतर महिनाभर थेंब घालायला माणूस हवं, आणि... मला ते जवळ हवेत. आई गेली तेव्हा मी उशिरा पोचलो होतो.”

मुसाने फोन ठेवला आणि खिडकीत जाऊन बसला. टेबलाखाली फरशीला नाक लावून चाचपडणारा धाकू त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. दिसत नाही म्हणाला होता तो, आणि आपण होडी खिशात घेऊन बसलो होतो. मुसाला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती. भरतीचं पाणी पुलाखालून आत येत होतं, ते बघत तो बराच वेळ बसला. मग उठून त्याने टेबलावरचा दिवा लावला, आणि जे काम त्याने दोन महिने पुरवलं होतं ते चार दिवसांत उरकलं. धुराडं उभं राहिलं, शिड्या, कठडे, नांगर, लहान होड्या सगळं आपापल्या जागी बसलं. इतकं घाईचं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं, आणि एकही फट राहिली नाही.

धाकू आला आणि बघतच राहिला. म्हणजे, त्याला दिसलं तेवढं बघत राहिला. बाकीचं त्याने बोटांनी बघितलं.

“तुना एवढी कसली घाई झाली रे?” तो म्हणाला. त्याच्या आवाजातली निराशा लपली नाही. मुसाने ती ऐकली, आणि तिच्यामुळे त्याला बरंही वाटलं आणि वाईटही.

“झालां एकदाचां. धुराडा काळा कर आणि नाव घाल.”

धुराड्याला काळा रंग देऊन झाला. राहिलं नाव. धाकूने सर्वांत बारीक ब्रश काढला, पांढऱ्या रंगात बुडवला, टोक नखावर टेकवून बघितलं. जहाजाच्या नाकाजवळ वाकला. ब्रश हवेत थांबला. तो आणखी वाकला, चष्मा काढला, पुन्हा लावला. उजेडाकडे तोंड केलं. नाव ज्या रेघेवर बसवायचं ती पेन्सिलची रेघ मुसाला दोन हातांवरून दिसत होती, आणि धाकूचा ब्रश तिच्या बोटभर वर जागा शोधत होता. हात मात्र दगडासारखा स्थिर होता. ते बघवत नव्हतं.

“राहू दे,” मुसा म्हणाला.

“काय राहू दे?”

“नाव. आता नको घालूस.”

धाकूने ब्रश खाली केला. “नाव नाय तर जहाज झालां कसां? आणि झालां नाय तर मी जातो कसा?”

“दीपकचा फोन आला होता.”

धाकूने फडकं घेतलं. ब्रश पुसत राहिला. ब्रश स्वच्छ झाला तरी पुसत राहिला. “तुना सांगायचां नव्हतां,” तो शेवटी म्हणाला. “तू म्हटला असतास, जा. मना वाटलां, तुजा हां शेवटचा जहाज हाय...”

“मी सांगितलां असतां जा? मी?” मुसाला हसू आलं आणि त्या हसण्याबरोबरच डोळे भरून आले. “अरे, ती होडी माज्या खिशात होती.”

धाकूने त्याच्याकडे बघितलं. दिसत असो नसो, चांगलं रोखून बघितलं. “मंग ती उलटी बसलेली पट्टी?”

“सुलटीच होती.”

“मी पण,” धाकू म्हणाला, “काळा डबा घरी विसरलो सांगून आठ दिवस काढले. तो पेटीतच होता.”

दोघे हसायला लागले. आतून नसीमा काय झालं म्हणून बघायला आली तर हे दोन म्हातारे टेबलाच्या दोन बाजूंना बसून डोळे पुसत होते. ती तशीच परत गेली आणि आत जाऊन तिनेही पुसले.

“नाव घालायला ये,” मुसा म्हणाला. “डोळे करून घे आणि ये. तोपर्यंत ह्याला कपाटात ठेवत नाय मी. इथंच टेबलावर राहील.”

“टेबलावर? मंग भाबी जेवायला कुठं वाढणार?”

“खाली बसून जेवू आमी,” आतून नसीमाचा आवाज आला.

आठवड्याने दीपक येऊन बापाला घेऊन गेला. मुसा स्टेशनावर गेला होता. दोघांनी एकमेकांना काही विशेष सांगितलं नाही. ब्रशांची पेटी धाकूने मुसाच्या घरीच ठेवली, हेच काय ते सांगणं.

मग मुसाचे दिवस लांबले. माळा रिकामा होता. हाताला काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काम असतं तरी समोरची खुर्ची रिकामीच होती. नसीमा दुपारी तिथे येऊन बसायची, तांदूळ निवडायची, इकडचं तिकडचं बोलायची. मुसा तिच्याकडे बघायचा आणि मनात म्हणायचा, हिने हेच किती वर्षं काढलं, समोरची खुर्ची रिकामी ठेवून. एकदा त्याने ते तोंडाने बोलून दाखवलं. नसीमाने तांदळातून मान वर केली नाही, पण त्या दिवशी संध्याकाळी न सांगता नारळाच्या रसातल्या गोड खापरोळ्या झाल्या.

एक डोळा झाला, मग दुसरा. दीपक फोनवर सांगत होता, सगळं छान आहे. छान आहे हे ऐकून मुसाला आनंद व्हायचा, आणि लगेच नजर टेबलाकडे जायची. टेबलावर ते जहाज उभं होतं. डोळे बरे झालेल्या पेंटरला ते कधीतरी दिसणार होतं. जन्मभर ज्याने दुसऱ्याच्या होड्यांना रंग दिला त्याला कळणार होतं की आपण करडा म्हणून निळा फासला, आणि मित्र ‘तसाच’ म्हणाला. खोटं बोललेल्या मित्राला एकवेळ तो माफ करील. पण तो पुन्हा ब्रश हातात धरील का? मुसाला भीती होती ती याची. एकदा वाटलं, गुपचूप खरवडून बाजारातला तयार करडा मारून टाकावा. पॉलिशपेपर हातातही घेतला. पण दुसऱ्याच्या हातावर आपला हात फिरवायचा, तोही त्याच्या पाठीमागे, हे काही त्याच्याच्याने होईना.

मार्चमध्ये एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. फोन सानिकाने धरला होता. काळा चष्मा लावलेला धाकू एखाद्या पुढाऱ्यासारखा सोफ्यावर बसला होता.

“मुसा! अरे, केवढा पांढरा झालास रे तू! भाबी, ह्याला काय पिठात लोळवलांत?”

हसणं झालं, चौकशा झाल्या. आणि मग तो म्हणाला, “जहाज दाखव.”

मुसा उठला आणि पहिल्यांदा त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला. अंधारात सगळे रंग सारखे. पण नसीमाने त्याच्या हातातला फोन काढून घेतला, पडदा सर्रकन बाजूला केला, आणि सकाळच्या लख्ख उजेडात जहाजावरून फोन नाकापासून शेपटापर्यंत सावकाश फिरवला. मुसा तोंड फिरवून खाडीकडे बघत उभा राहिला.

तिकडे धाकू फोनवर पुढे वाकला. 

“मुसा.”

“बोल.”

“हां निळा कुणी दिलान?”

“तूच.”

“मी? आणि तुना दिसत होता?”

“होय.”

“भाबींना?”

“मनापण,” नसीमा म्हणाली.

“मंग बोलला नाहीस कशाला?”

मुसाने फोन तिच्याकडून घेतला. आता तोंड चुकवण्यात अर्थ नव्हता. “बोललो असतो तर तू ब्रश खाली ठेवला असतास, धाकू. कायमचा. मी तुना ओळखतो. तू एवढा खूश होतास... मना नाय बोलवलां.”

सानिकाने आजोबांकडे बघितलं. आजोबांनी काळा चष्मा काढला, डोळे पुसायला निघाले, तोच “आबा, हात लावायचा नाही!” म्हणून तिने त्यांचा हात धरला. मग तिनेच कापसाने हलकेच टिपलं. धाकूने चष्मा पुन्हा लावला, घसा खाकरला, आणि बोलला तेव्हा तो बंदरातला धाकू पेंटर होता.

“असल्या निळ्यावर मी नाव घालत नाय. सगळां खरवडायला हवां. अस्तरापर्यंत.”

“मी सुरुवात करू?”

“हात लावू नकोस! तू लांबी उडवशील. मी येतो. आता दिसतंय मना सगळां, तो करडा कसा होता तां पण आठवतंय. ब्रश हायत ना पेटीत?”

“हायत. कधी येतोस? एप्रिलात ये. कडक ऊन हाय, दोन दिवसांत वाळेल.”

 शेजारी बसलेल्या नातीकडे धाकूने बघितलं, मग फोनमध्ये दिसणाऱ्या टेबलाकडे, जहाजाकडे, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे.

“जूनात येतो,” तो म्हणाला. “सानिकाची शाळा सुरू झाली की.”

“जूनात?” मुसाला वाटलं, डोळ्यांबरोबर ह्याचं डोकंही उघडून बघितलं की काय. “अरे, पावसात रंग देणार तू? तो वाळेल कसा?”

“दिवाळीपर्यंत नायच वाळायचा,” धाकू म्हणाला.